कारखान्याबद्दल कर्मचाऱ्यांची मते परस्परविरोधी असतील, तर विश्वास कोणावर ठेवायचा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही मेकॅनिकल शाखेचे पदवीधर आहात, एका लहान वर्कशॉपमध्ये काही वर्षे काम केले आहे आणि आता सुटे भाग बनवणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कंपनीने तुम्हाला शिफ्ट इंजिनिअरची जागा देऊ केली आहे. होकार कळवण्यापूर्वी तुम्ही तिथल्या आजी-माजी कर्मचाऱ्यांची मते वाचली आणि गोंधळात पडलात. कोणी लिहितो की शिकायला यासारखी दुसरी जागा नाही, तर कोणी लिहितो की इथे माणसाला किंमत नाही. पगार वेळेवर होतो म्हणून एक जण समाधानी आहे आणि सुट्टी कधीच मिळत नाही म्हणून दुसरा वैतागलेला आहे. महिनाअखेरीची धावपळ, संथ बढती आणि काही सुपरवायझरांचा तुसडेपणा अशा तक्रारी तुम्ही कळवल्या आहेत, आणि सुरक्षिततेसाठीचा सेन्सर बंद ठेवल्याचे एक मतही उद्धृत केले आहे. यांपैकी खरे कोण बोलतो आणि आपण जावे की नाही, हे तुम्हाला ठरवायचे आहे.

मी बरीच वर्षे उत्पादन विभागात आणि त्यानंतर कर्मचारी विभागात काम केले आहे. भरतीच्या मुलाखती घेतल्या, राजीनामा देणाऱ्यांशी शेवटचे बोलणे केले आणि कर्मचाऱ्यांच्या मतांची सर्वेक्षणेही राबवली. त्या अनुभवावरून सांगतो की अशा मतांमध्ये उघड खोटे फार थोडे असते. स्तुती करणारा आणि तक्रार करणारा, दोघेही बहुधा खरेच सांगत असतात, परंतु ते एकाच जागेबद्दल बोलत नसतात. म्हणून ‘कंपनी चांगली की वाईट’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘या विभागात, या पाळीत, या पदावर, पुढची दोन-तीन वर्षे मला काय मिळेल आणि काय सोसावे लागेल’ असा प्रश्न घ्या. त्याचे उत्तर काही अंशी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून राहील. घरची जबाबदारी किती आहे, रात्रपाळी प्रकृतीला मानवते का, हातची नोकरी किती दिवस टिकणारी आहे, हे तुमचे तुम्हालाच ठाऊक. मते कशी वाचावीत आणि कशाची खातरजमा करावी, एवढे मी सांगू शकतो.

कारखान्याच्या एका फाटकातून आत जाणारे लोक प्रत्यक्षात अनेक वेगवेगळ्या ठिकाणी काम करत असतात. ‘टार्गेटचे फार प्रेशर आहे’ हे एकच वाक्य घ्या, कारण ते तुम्ही वाचलेल्या मतांमध्ये वारंवार आले आहे. मशीन शॉपमधल्या ऑपरेटरने ते लिहिले असेल, तर बहुधा त्याचा अर्थ असा की मशीन दोन तास बंद पडले तरी दिवसाचा आकडा कमी झालेला चालत नाही, आणि गेलेली वेळ जेवणाच्या सुट्टीतून किंवा पाळी संपल्यावर भरून काढावी लागते. क्वालिटीतल्या माणसाने ते लिहिले असेल, तर अर्थ पूर्णपणे बदलतो: मापात न बसलेला माल ‘एवढ्या वेळेपुरता सोडा’ म्हणून कोणीतरी त्याच्यामागे लागते. डिस्पॅचमध्ये प्रेशर म्हणजे बाहेर उभी असलेली गाडी आणि अजून पूर्ण न झालेला लॉट, म्हणजे एकत्र पाठवायच्या मालाची खेप. मेंटेनन्सचे तर गणितच उलटे असते. सगळे सुरळीत चालले असताना त्यांच्याकडे कोणाचे लक्ष नसते आणि मशीन थांबले की चार अधिकारी त्यांच्या डोक्यावर उभे राहतात. या चौघांच्या तक्रारीचे शब्द एकच असले, तरी पहिल्याची तक्रार नियोजनाबद्दल आहे, दुसऱ्याची सचोटीबद्दल, तिसऱ्याची वेळापत्रकाबद्दल आणि चौथ्याची मनुष्यबळाबद्दल. शिफ्ट इंजिनिअर म्हणून तुमचा या चौघांशी रोज संबंध येणार आहे, त्यामुळे लिहिणारा कोणत्या विभागाचा आहे हे आधी शोधा. मत निनावी असले, तरी वापरलेल्या शब्दांवरून विभाग सहसा ओळखता येतो.

विभागाइतकाच फरक माणसाच्या दर्जामुळे पडतो. कायम कामगार, कंत्राटी कामगार, शिकाऊ उमेदवार आणि कार्यालयीन कर्मचारी एकाच छताखाली असले, तरी त्यांना लागू होणारे नियम, मिळणाऱ्या सवलती आणि वाटणारी भीती सारखी नसते. ‘नोकरीची हमी आहे’ असे कायम कामगार मनापासून लिहितो आणि ‘कधी काढून टाकतील सांगता येत नाही’ असे त्याच मशीनवर उभा असलेला कंत्राटी कामगारही तितक्याच मनापासून लिहितो. तुमचे पद यांपैकी कोणत्या गटात मोडते, हे नेमणूकपत्रावरून पाहा आणि त्या गटाच्या मतांना अधिक वजन द्या.

मत केव्हा लिहिले गेले, याचाही विचार करा. माणूस लिहायला बसतो तो बहुधा नुकताच रुजू झाल्यावर किंवा नुकताच सोडून गेल्यावर. पहिल्या महिन्यात नवे यंत्र, नवे गणवेश आणि नवे सहकारी यांचे कौतुक असते. शेवटच्या महिन्यात मन दुखावलेले असते. आठ-दहा वर्षे शांतपणे काम करणारा मधला मोठा वर्ग काहीच लिहीत नाही. एकाच आठवड्यात एकाच साच्यातील चार-पाच स्तुतिपर मते आली असतील, तर भरतीच्या काळात ती कोणाच्या तरी सांगण्यावरून लिहिली गेली असण्याची शक्यता धरून चालावे. याउलट, तीन वर्षांपूर्वीची, मागच्या वर्षाची आणि या महिन्याची तक्रार एकाच गोष्टीबद्दल असेल, तर ती गोष्ट आजही तशीच आहे असे समजायला हरकत नाही.

आणखी एक बाब मला महत्त्वाची वाटते. माणूस ज्या गोष्टीची तक्रार करतो, तीच त्याची खरी अडचण असते असे नाही. शिकागोजवळच्या हॉथॉर्न येथील वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या कारखान्यात १९२८ ते १९३० या काळात २०,००० हून अधिक कर्मचाऱ्यांच्या मुलाखती घेण्यात आल्या. ठरावीक प्रश्न विचारल्यावर लोक भलतीकडेच वळतात हे लक्षात आल्यावर तिथल्या संशोधकांनी प्रश्नावली बाजूला ठेवली आणि लोकांना हवे ते बोलू दिले. त्यातून त्यांना दिसले की तक्रारीचा वरवरचा विषय आणि तिच्या मुळाशी असलेली खंत या अनेकदा वेगळ्या असतात. राजीनामा देणाऱ्यांशी बोलताना हे मला नेहमी जाणवते. अर्जावर ‘घरगुती कारण’ असते, पहिल्या दहा मिनिटांत पगाराचा विषय निघतो आणि निरोप घेऊन उठता उठता तो माणूस सांगतो की मेहनतीने बसवलेल्या फिक्स्चरचे (मशीनवर भाग पक्का धरणाऱ्या साधनाचे) श्रेय दुसऱ्याने घेतले आणि साहेबांनी चौकशीसुद्धा केली नाही. पगाराची तक्रार खोटी नव्हती, पण तो सोडून चालला होता तो त्या फिक्स्चरमुळे. म्हणून ‘कँटीन वाईट’, ‘बस वेळेवर येत नाही’ अशा किरकोळ वाटणाऱ्या तक्रारींचा ढीग दिसला, तर त्या हसण्यावारी नेऊ नका. लहान गोष्टसुद्धा सांगून सुटत नाही, असे लोकांना वाटू लागले की त्या तक्रारी साचत जातात.

मते वाचताना विशेषणे वगळावीत आणि घटना शोधाव्यात. ‘मॅनेजमेंट बेकार आहे’ या वाक्यावरून काहीच पडताळता येत नाही. ‘महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात साप्ताहिक सुट्टी रद्द होते’ हे वाक्य मात्र पडताळता येते, आणि त्यामागे काय चालले असेल याचा अंदाजही बांधता येतो. महिनाअखेरीच्या धावपळीबद्दल थोडे विस्ताराने सांगतो, कारण तुम्ही वाचलेल्या निम्म्या तक्रारींचे मूळ त्यातच असावे असे मला वाटते.

अनेक कारखान्यांत कामगिरी महिन्याच्या हिशेबाने मोजली जाते. महिन्याच्या अखेरच्या तारखेपर्यंत किती माल फाटकाबाहेर गेला, त्यावर वरच्यांचे मूल्यमापन होते. पहिल्या पंधरवड्यात कच्चा माल उशिरा येतो, कधी खरेदीची ऑर्डर उशिरा निघाल्यामुळे, तर कधी ग्राहकाने वेळापत्रक बदलल्यामुळे. असेंब्लीला सेटमधला एखादाच भाग कमी पडतो आणि बाकीचे सगळे तयार भाग ट्रॉल्यांवर पडून राहतात. तिसऱ्या आठवड्यात सगळे एकदम हाती येते आणि शेवटच्या आठवड्यात दुप्पट काम काढावे लागते. मग ओव्हरटाइम, रद्द झालेल्या सुट्ट्या, चिडलेले सुपरवायझर आणि घाईतले रिजेक्शन हे ओघानेच येते. या दिवसांत मशीनची ठरलेली देखभालही पुढे ढकलली जाते, त्यामुळे पुढच्या महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात ब्रेकडाउन होतात आणि तो महिनाही मागे पडूनच सुरू होतो. असे चक्र एकदा बसले की त्यात अडकलेला प्रत्येक जण समोरच्या माणसाला दोष देतो. कामगाराला सुपरवायझर निर्दयी वाटतो आणि सुपरवायझरला कामगार कामचुकार वाटतो. प्रत्यक्षात दोष नियोजनाचा असतो, आणि नियोजन बदलले की त्याच माणसांची एकमेकांबद्दलची मते बदलतात. कंपनी हे चक्र मोडण्यासाठी काही करत आहे का, म्हणजे उत्पादनाचे नियोजन आठवड्याच्या किंवा दिवसाच्या हिशेबाने होते का, देखभालीची वेळ राखून ठेवली जाते का, हे मुलाखतीत सरळ विचारा. अनुभवी उत्पादन प्रमुखाला या प्रश्नाचा राग येत नाही. तुम्हाला काम कळते हेच त्यावरून त्याच्या लक्षात येते.

ओव्हरटाइमबद्दल एवढेच सांगतो की त्याचे प्रमाण आणि त्यातली सक्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उद्योगांत दिवसाचे ८ आणि आठवड्याचे ४८ तास हा निकष आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने आपल्या पहिल्याच करारात, १९१९ मध्ये, मांडला. जास्तीचे काम कधीमधी, सांगून आणि मोबदला देऊन घेतले जात असेल, तर पुष्कळ कामगार ते आनंदाने करतात. ते रोजचेच झाले असेल आणि नाही म्हणणाऱ्याला अवघड मशीनवर टाकले जात असेल, तर ती सक्ती आहे. मतांमध्ये ‘ओव्हरटाइम मिळतो’ लिहिले आहे की ‘ओव्हरटाइम करावा लागतो’, इकडे लक्ष द्या.

काही तक्रारी अशा असतात की त्यांची बेरीज-वजाबाकी इतर गोष्टींशी करू नये. सुरक्षिततेच्या तक्रारी मी या वर्गात धरतो. पगार चांगला, सहकारी चांगले, शिकायला भरपूर, पण मशीनची गार्ड (संरक्षक आवरण) काढून काम करावे लागते, असे एखाद्याने लिहिले असेल, तर पहिल्या तीन गोष्टींनी चौथी भरून निघत नाही. प्रेस शॉपमधले एक उदाहरण देतो. प्रेस, म्हणजे पत्रा दाबून भाग बनवणारे यंत्र, चालवण्यासाठी दोन बटणे असतात आणि दोन्ही हातांनी ती एकदम दाबल्याशिवाय स्ट्रोक (वरून येणारा दाब) पडत नाही, कारण हात डायमध्ये (साच्यात) राहू नयेत हाच त्यामागचा हेतू असतो. एका ठिकाणी मी डाव्या बटणावर चिकटपट्टी घट्ट लावून ते कायमचे दाबून ठेवलेले पाहिले. जुन्या बनावटीच्या त्या प्रेसला ही फसवणूक ओळखता येत नव्हती. चिकटपट्टी मळकट झाली होती आणि तिच्या कडा तेलाने काळ्या पडल्या होत्या, म्हणजे ती त्या दिवशी लावलेली नव्हती. ऑपरेटरने उजव्या हाताने बटण दाबायचे आणि डाव्या हाताने पत्रा सरकवायचा, म्हणजे तासाला काही नग जास्त निघतात. त्या प्रेसजवळून सुपरवायझर दर पाळीत कितीतरी वेळा जात असणार आणि त्याला ती पट्टी दिसत नसेल हे शक्य नाही. मला सर्वांत गंभीर वाटली ती ही गोष्ट, की धोका सगळ्यांना दिसत होता आणि आकडा वाढत असल्यामुळे कोणीही त्यावर बोलत नव्हते. तुम्ही शिफ्ट इंजिनिअर झालात की अशा पट्टीची जबाबदारी तुमची असेल, हे मते वाचताना लक्षात ठेवा. अपघात झाल्यावर सही तुमचीच शोधली जाईल.

आवाजाच्या तक्रारी लोक सवयीने सोडून देतात, म्हणून त्या मतांमध्ये कमी दिसतात. आठ तासांसाठी ८५ डेसिबल ही सरासरी पातळी धोक्याची सीमा म्हणून मोठ्या प्रमाणावर वापरली जाते, आणि त्यापुढे प्रत्येक ३ डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होत असल्यामुळे ८८ डेसिबलला सुरक्षित वेळ चारच तासांवर येते. मोजणीचे उपकरण हाताशी नसताना एक ढोबळ खूण उपयोगी पडते: हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागत असेल, तर पातळी बहुधा ८५ च्या वर आहे. अशा ठिकाणी किती जणांच्या कानात इअरप्लग आहेत, ते कारखान्याच्या फेरीत पाहून घ्या. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८१ च्या सुरक्षितता व आरोग्यविषयक करारात असे तत्त्व आहे की जिवाला किंवा आरोग्याला तातडीचा आणि गंभीर धोका आहे असे वाजवी कारणाने वाटून जो कामगार कामावरून दूर होतो, त्याला त्याबद्दल अनुचित परिणाम भोगावे लागू नयेत. मतांमध्ये कोणी ‘मी काम थांबवले आणि मलाच मेमो मिळाला’ असे लिहिले असेल, तर ते मत मी इतर दहा मतांपेक्षा वर ठेवेन.

पाळ्यांबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण विचारायला हवे होते. पाळी कोणत्या दिशेने बदलते यावर पुष्कळ अवलंबून असते. सकाळ, मग दुपार, मग रात्र असा क्रम शरीराला उलट क्रमापेक्षा सोपा जातो, कारण झोप पुढे ढकलणे हे ती अलीकडे ओढण्यापेक्षा सुकर असते. दोन पाळ्यांमध्ये किती तासांची विश्रांती मिळते आणि सुट्टीवर गेलेल्या सहकाऱ्याची पाळी कोण भरून काढतो, हेही विचारा. शिफ्ट इंजिनिअर कमी असतील, तर सलग दोन पाळ्या करण्याची वेळ तुमच्यावरच येईल. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रात्रपाळीच्या कामाचा समावेश २००७ मध्ये ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात केला आणि २०१९ मध्ये तो कायम ठेवला. त्यामुळे रात्रपाळी घेऊच नये असे मी म्हणत नाही, कारण अनेक उद्योग तिच्याशिवाय चालत नाहीत. मात्र ती किती वर्षे करायची याचा विचार रुजू होतानाच करून ठेवावा.

पगाराबद्दलची मते वाचण्यात फार वेळ घालवू नका. तुमचा आकडा तुमच्या नेमणूकपत्रात आहे. इतरांच्या मतांवरून फक्त तो वेळेवर मिळतो का आणि वार्षिक वाढ शब्दाप्रमाणे होते का, एवढे तपासा. पैसा निश्चितच महत्त्वाचा असतो. फोर्ड कंपनीत १९१३ साली माणसे सोडून जाण्याचे वार्षिक प्रमाण सुमारे ३७० टक्के होते, म्हणजे एकेका जागेसाठी वर्षात अनेकदा भरती करावी लागत होती. जानेवारी १९१४ मध्ये कंपनीने रोजचे ५ डॉलर जाहीर केले, कामाचा दिवस ९ तासांवरून ८ वर आणला, आणि ही गळती झपाट्याने कमी झाली. असेंब्ली लाइनवरचे काम मात्र त्याआधी जितके एकसुरी होते तितकेच नंतरही राहिले. ‘पगार चांगला पण कंटाळा’ असे तुम्ही वाचलेले मत शंभर वर्षे जुने आहे आणि आजही खरे आहे.

‘इथे ग्रोथ नाही’ या तक्रारीचे स्वरूपही समजून घ्या. उत्पादनाच्या कामात वरच्या जागा रचनेनेच कमी असतात. अनेक ऑपरेटरांमागे एक सुपरवायझर, काही सुपरवायझरांमागे एक इंजिनिअर आणि साऱ्या शॉपला एक व्यवस्थापक. बढती संथ असणे हा त्यामुळे एखाद्याच कंपनीचा दोष ठरत नाही. खरा दोष असतो तो माणसाला वर्षानुवर्षे एकाच सेलमध्ये, म्हणजे मशीनच्या एकाच गटावर, ठेवण्यात. टूल रूम, क्वालिटी, प्रोसेस, मेंटेनन्स अशा विभागांत फिरण्याची संधी मिळते का, हा तुमच्यासाठी बढतीपेक्षा मोलाचा प्रश्न आहे. लहान वर्कशॉपमध्ये तुम्ही थोडे थोडे सगळे पाहिले असणार. मोठ्या ठिकाणी एकच गोष्ट खोलात शिकवली जाते आणि बाकीची दारे बंद राहण्याचा संभव असतो.

आता मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते सांगतो. कर्मचाऱ्यांच्या शेकडो मतांचा एकाच प्रश्नात निचोड करायचा झाला, तर मी असे विचारेन: वाईट बातमी घेऊन येणाऱ्या माणसाचे या कारखान्यात काय होते? मशीनमधून वेगळा आवाज येतोय, माप हळूहळू सरकते आहे, लॉटमध्ये गडबड आहे, आज हे टार्गेट होणार नाही, हे सांगणाऱ्याला मदत मिळते की शिक्षा? तुम्ही वाचलेली ‘कोणी ऐकत नाही’, ‘चमचेगिरी चालते’, ‘शिकायला मिळते’, ‘सीनियर सांभाळून घेतात’ ही सगळी मते शेवटी याच प्रश्नाची उत्तरे आहेत.

यासंदर्भात फ्रीमाँटच्या कारखान्याचा इतिहास उद्बोधक आहे. कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथील जनरल मोटर्सचा मोटारींचा कारखाना गैरहजेरी, संप आणि निकृष्ट दर्जा यांसाठी कुप्रसिद्ध होता आणि १९८२ मध्ये तो बंद करण्यात आला. १९८४ मध्ये टोयोटाच्या भागीदारीत ‘नुम्मी’ या नावाने त्याच जागी पुन्हा उत्पादन सुरू झाले. घेतलेले बहुसंख्य कामगार जुनेच होते आणि कामगार संघटनाही तीच होती, तरीही गैरहजेरी आणि तक्रारी लक्षणीय घटल्या आणि दर्जा जनरल मोटर्सच्या उत्तम कारखान्यांच्या तोडीचा झाला. बदलाची कारणे अनेक होती. त्यांतले एक असे की लाइनवरच्या प्रत्येक कामगाराच्या हाताशी एक दोरी आली, जिला अँडन म्हणतात. काही चुकते आहे असे वाटले की दोरी ओढायची. टीम लीडर धावत येतो, आणि ठरलेल्या टप्प्यापर्यंत अडचण सुटली नाही तर लाइन थांबते. पूर्वी काहीही झाले तरी लाइन थांबवायची नाही, असा तिथे दंडक होता. ज्या कामगारांना आळशी आणि भांडखोर ठरवले गेले होते, त्यांच्याच हाती लाइन थांबवण्याचा अधिकार आला आणि ते जबाबदारीने वागू लागले. म्हणून ‘इथली माणसेच वाईट आहेत’ अशा मतावर मी फारसा विसंबत नाही.

तुम्हाला ज्या कारखान्यात जायचे आहे, तिथे अशी दोरी असेलच असे नाही आणि नुसती असून भागतही नाही. पण प्रत्यक्ष परिस्थिती पाहण्याचा एक सोपा मार्ग आहे. बहुतेक शॉपमध्ये लाइनजवळ तासागणिक उत्पादनाचा फळा असतो. त्यावर तास, ठरलेला आकडा, झालेला आकडा, फरक आणि कारण असे रकाने असतात. कारखाना पाहायला गेलात की त्या फळ्यापुढे दोन मिनिटे थांबा आणि कारणाचा रकाना वाचा. पाळी अर्धी झाली तरी तो रिकामा असेल, किंवा सगळ्या तासांची कारणे एकाच हस्ताक्षरात, एका दमात लिहिल्यासारखी असतील, तर तो फळा साहेबांच्या फेरीसाठी भरला जातो. प्रत्येक ओळीत ‘ऑपरेटर स्लो’ किंवा ‘ऑपरेटर मिस्टेक’ असेल, तर दोष माणसावर ढकलण्याची तिथे रीत आहे. याउलट ‘इन्सर्ट (कापणारे पाते) तुटला, १२ मिनिटे’, ‘ट्रॉली आली नाही’, ‘एअर प्रेशर कमी’ अशी वेगवेगळ्या हातांनी, त्या त्या तासाला लिहिलेली कारणे दिसली, आणि पुढे कोणी काय केले याची नोंदही असेल, तर समजा की तिथे वाईट बातमी सांगता येते. मुलाखतीत मिळालेल्या दोन तासांच्या आश्वासनांपेक्षा मी त्या रकान्यावर अधिक विश्वास ठेवतो.

स्तुतीकडेही याच नजरेने पाहा. ‘कुटुंबासारखे वातावरण’ ही स्तुती दोन्ही बाजूंनी लागू पडते. काही ठिकाणी तिचा अर्थ अडचणीत माणसे उभी राहतात असा असतो, तर काही ठिकाणी नियम लेखी नाहीत आणि सगळे मर्जीवर चालते असा. ‘सुपरवायझरने तीन महिने शेजारी उभे राहून सेटिंग शिकवले’ ही स्तुती मात्र घटना सांगते, त्यामुळे ती वजनदार आहे. अशी दोन-तीन मते वेगवेगळ्या माणसांकडून आलेली असतील, तर त्या विभागात खरोखरच शिकवणारी माणसे आहेत.

तुमच्या निर्णयाबाबत माझे मत असे. तुम्ही सांगितलेल्या तक्रारींपैकी महिनाअखेरीची धावपळ, संथ बढती आणि काही सुपरवायझरांचा तुसडेपणा या तीन गोष्टी तुमच्या वयाला आणि अनुभवाला सोसण्यासारख्या आहेत, किंबहुना नियोजनाचे चक्र आतून पाहायला मिळणे हे मोठेच शिक्षण आहे. सुरक्षिततेबद्दलचे जे एक मत तुम्ही उद्धृत केले आहे, त्यात बंद केलेल्या सेन्सरचा उल्लेख आहे. त्याची खातरजमा झाल्याशिवाय मी होकार कळवणार नाही. कंपनीला लिहून पाळी बदलण्याच्या वेळी कारखाना पाहण्याची परवानगी मागा, कारण एक पाळी दुसरीकडे काम कसे सोपवते ते त्या पंधरा मिनिटांत दिसते. लॉगबुकात काही लिहिले जाते का, दोन शिफ्ट इंजिनिअर मशीनपाशी उभे राहून बोलतात की फाटकातच एकमेकांना हात करून निघून जातात, हे पाहा. ही जागा का रिकामी झाली आणि आधीचा माणूस किती काळ टिकला, तेही विचारा. तो बढती घेऊन दुसऱ्या विभागात गेला असेल, तर त्याच्याशी बोलू देण्यात कंपनीला काहीच अडचण नसावी. वर्षभरात दोघे-तिघे सोडून गेले असतील, तर वाचलेल्या तक्रारी नेमक्या याच खुर्चीबद्दलच्या असण्याची शक्यता मोठी आहे.

फेरीला नकार मिळाला, तर त्याचे कारण नीट ऐकून घ्या. ग्राहकाच्या गोपनीयतेमुळे काही भाग दाखवता येत नाहीत, हे कारण योग्य असू शकते. अशा वेळी निदान तुमच्या होणाऱ्या वरिष्ठाशी आणि त्याच पाळीतल्या एखाद्या सुपरवायझरशी भेट मागा. तीही नाकारली गेली, तर हातची नोकरी सुरू ठेवून दुसरीकडे पाहणे योग्य होईल. परवानगी मिळाली, तर सेन्सरबद्दल त्या सुपरवायझरलाच विचारा, आणि तो काय उत्तर देतो यासोबत उत्तर देण्यापूर्वी कोणाकडे पाहतो, तेही ध्यानात घ्या.